चोथा म्हशीला, रस माणसाला

आमच्या बागेच्या फाटकाशी पहाटे साडेपाचला एक हातगाडी लागते. तिच्यावर स्टीलचे सात डबे, प्रत्येकाला खाली तोटी, वर ओलं फडकं. डब्यांवर लाल ऑइलपेंटनं नावं घातली आहेत: दुधी, कारलं, गाजर-बीट, आवळा, पालक-पुदिना, गव्हांकुर, कोरफड. गाडीच्या आडव्या फळीवर आणखी एक यादी होती, कुठला रस कशावर चालतो त्याची. ‘होती’ म्हणायचं कारण, त्या फळीवर आता पांढऱ्या रंगाचा एक ओबडधोबड पट्टा आहे. तो तिथं कसा आला ते सांगायचंय.

गाडीवाल्याला सगळे दादा म्हणतात. पंचेचाळिशीचा, मूळचा पुरंदरचा, जिभेवर साखर. रात्री अडीचला उठतो, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून भाजी आणतो, धुतो, चिरतो, मशीनला लावतो आणि उजाडायच्या आत पुण्याच्या या कोपऱ्यात हजर असतो. पावसातही त्याची गाडी चुकलेली मी पाहिली नाही.

दुसरी बाजू माझ्या आत्याची. चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होती, त्यातली वीस मेडिसिनच्या वॉर्डात. गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे राहायला आली आहे. सकाळी माझ्याबरोबर बागेत येते, दोन फेऱ्या मारते, गुडघा कुरकुरायला लागला की गाडीशेजारच्या दगडी कट्ट्यावर बसते आणि माझा गाजर-बीटाचा ग्लास संपायची वाट बघते. पहिले पंधरा दिवस ती काही बोलली नाही. नर्स माणूस आधी बघतं, मग बोलतं.

सोळाव्या दिवशी तिनं गाडीखालच्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवलं.

“दादा, ह्या पिंपात काय जातं रे?”

“चोथा, सिस्टर. रस काढून उरतो तो.”

“त्याचं काय करतोस?”

“पलीकडच्या गल्लीत गोठा आहे, तिथला माणूस घेऊन जातो. म्हशी आवडीनं खातात. शेणही चांगलं पडतं म्हणतो तो.”

“पडणारच,” आत्या म्हणाली. मग ग्लास धरून उभ्या असलेल्या आम्हा चौघांकडे तिनं ओळीनं पाहिलं. “आणि ही मंडळी रात्री झोपताना इसबगोल घेणार.”

चौघांपैकी दोघांना ठसका लागला. एक मी होतो.

दादाचं उत्तर तयार होतं. भाजीचा सगळा जीव रसात उतरतो, मागं राहतं ते फोलपट, हे तो रोज पन्नास वेळा सांगत असावा. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“जीव उतरतो, पण सगळा नाही. क्षार उतरतात, जीवनसत्त्वं बरीचशी उतरतात, साखरही उतरते. पण आतड्याला ढकलायला जे लागतं ते तुझ्या पिंपात. माणसाला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तंतू लागतात. आणि दुसरं सांगू? तीन गाजरं चावून खायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात पोट वर निरोप धाडतं की आता बास. तुझा ग्लास हा वीस सेकंदांत संपवतो. निरोप धाडायला पोटाला सवडच नाही.”

“पटतंय सिस्टर. पण चावणार कोण?” दादानं फडकं झटकलं. “ते राखाडी स्वेटरवाले आजोबा बघा. कवळी बसत नाही, म्हणून ती खिशात असते. त्यांना गाजर चाव म्हणून कोण सांगणार? आणि हा आपला कॉम्प्युटरवाला.” दुधीचा मोठा ग्लास घेऊन कानात वायर घालून उभ्या असलेल्या एका पोराकडे त्यानं मान वळवली. “रात्री अकराला डबा येतो त्याचा. आठवड्याभरात भाजी म्हणून पोटात काय गेलं असेल, तर वड्यातला बटाटा.”

“बटाटा भाजीत धरत नाहीत,” आत्या म्हणाली. “जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, ते बटाटा सोडून.”

“झालं तर मग! माझ्या एका मोठ्या ग्लासाला पाव किलो माल जातो. अर्ध्याच्या वर काम मीच करून दिलं की.”

“इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवा लोकांना रोज पाच वाटे फळं-भाज्या खायला सांगते. रस कितीही प्यालात तरी तो पाचातला एकच धरायचा, आणि तोही १५० मिलीच्या वर नको. तुझा मोठा ग्लास केवढा आहे?”

“तीनशे.”

“तो हिशेब तू घाल.”

खरं सांगायचं तर इथपर्यंत मी मनातून दादाच्या बाजूनं होतो. घरात बायको, आत्या आणि स्वयंपाकाच्या मावशी मिळून रोज दोन भाज्या, एक कोशिंबीर करतात, तिथं ‘चावून खा’ म्हणणं सोपं आहे. खोलीत एक इलेक्ट्रिक किटली आणि मॅगीची दोन पाकिटं असलेल्या पोराला ते कसं सांगायचं? आत्याच्या लक्षात ते आलेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन एक पाऊल मागं घेतलं.

“दादा, तुझ्या गाजराच्या रसाबद्दल एक मान्य करते. कच्च्या गाजरातलं कॅरोटिन पेशींच्या भिंतीआड अडकलेलं असतं. नुसतं चावून ते फारसं हाती लागत नाही. वाटलं किंवा शिजवलं की मोकळं होतं. तेवढ्यापुरता तुझा रस गाजरापेक्षा सरस.”

दादानं मला डोळा मारला.

“पण ते स्निग्धात विरघळतं, पाण्यात नाही. सोबत थोडं तेल-तूप नसेल तर आलं तसं जातं. गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि वरून हिंगाची फोडणी घालतात ना, ती उगाच नाही.”

आठवड्याच्या आत गाडीवर भाजलेल्या शेंगदाण्यांची बरणी आली. ‘रसासोबत उत्तम’ अशी चिठ्ठी लावून, पाच रुपयांना मूठभर. आत्या त्या दिवशी हसून हसून बेजार झाली. आणि मग तिनं चष्मा लावून फळीवरची यादी मोठ्यानं वाचायला घेतली. ते मात्र काही खरं नव्हतं.

“गाजर: डोळे. बरं. बीट: रक्तवाढ. का रे? लाल आहे म्हणून? १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. त्यापेक्षा अळिवाचा लाडू खावा. बीटानं लाल काय होतं माहीत आहे? लघवी. सगळ्यांची नाही, काहींचीच होते. रात्री दोनला कॅज्युअल्टीत एक गृहस्थ मृत्युपत्राची भाषा करत आले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, जेवलात काय?”

राखाडी स्वेटरवाले आजोबा मनापासून हसले. अनुभव असावा.

“गाजराचंही तसंच. एक बाई तळहात पिवळेधमक घेऊन आल्या. सगळं घर कावीळ कावीळ करून रडवेलं झालेलं. मी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत पांढरंशुभ्र. काविळीत डोळे आधी पिवळे होतात, गाजरानं फक्त कातडी होते. रोज तीन ग्लास पीत होत्या. बंद केल्यावर काही आठवड्यांत हात पहिल्यासारखे झाले.”

गव्हांकुराशी येऊन ती थांबली. इथं दादा जरा हळवा आहे. गव्हांकुर तो विकत आणत नाही, भावाच्या गच्चीवर ट्रेमध्ये स्वतः पेरतो, आठव्या दिवशी कात्रीनं कापतो. फळीवर त्यानं लिहिलं होतं, ‘हिरवं रक्त’.

“आपलं रक्त आणि हिरवं द्रव्य, दोघांची घडण सारखीच असते, सिस्टर. पुस्तकात आहे.”

“घडण सारखी, पण मधोमध बसलेला वेगळा. रक्तात मधे लोह असतं, पानात मॅग्नेशियम. दोन वाडे एकाच धाटणीचे असले म्हणून मालक एक होतो का?”

या ‘हिरव्या रक्ताचं’ माहेर आपल्याकडचं नाही, हे अनेकांना माहीत नसतं. लिथुआनियात जन्मलेल्या ॲन विगमोर नावाच्या बाईंनी अमेरिकेत बॉस्टनमध्ये संस्था काढून गव्हांकुराच्या रसाचा प्रसार केला. आपल्या पद्धतीनं मधुमेह्यांची इन्सुलिनची गरज कमी होते किंवा संपते असा दावा केल्याबद्दल १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ॲटर्नी जनरलनी त्यांच्यावर खटला भरला आणि तो दावा त्यांना मागे घ्यावा लागला. रस मात्र जगभर पोचला, पुरंदरच्या शेतकऱ्याच्या पोराच्या गच्चीपर्यंत.

पुण्यात दोघांचा वाद फार वेळ दोघांचा राहत नाही. फेरी मारता मारता एक निवृत्त साहेब थांबले आणि म्हणाले, “अहो, गांधीजींनी सांगितलंय हे. उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम कशासाठी काढला?” आश्रम १९४६ चा, हे बरोबर. पण गांधीजींनी ‘आरोग्याची चावी’ लिहिली ती त्याआधी, १९४२ मध्ये, इथंच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना. काकडी, टोमॅटो, कोवळी पानं कच्ची खावीत असं तीत आहे. ‘नीट धुऊन’ आणि ‘थोडी’ हेही आहे. आत्यानं एवढंच म्हटलं, “थोडी हा शब्द तुमच्या फळीवर कुठे दिसत नाही.” साहेब पुढच्या फेरीला लागले.

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. पुढचं माझ्यावर आलं.

“बीट: बी. पी.,” आत्यानं वाचलं, आणि सगळ्यांना आश्चर्य वाटेल असं म्हणाली, “हे मात्र खोटं नाही.”

२०१५ मध्ये लंडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाब वाढलेल्या लोकांना चार आठवडे रोज २५० मिली बीटाचा रस दिला होता. निम्म्यांच्या रसातलं नायट्रेट आधीच काढून टाकलेलं. ज्यांना खरा रस मिळाला त्यांचा वरचा आकडा सरासरी सात-आठनं उतरला. याची वाट मोठी मजेशीर आहे. बीटातलं नायट्रेट पोटातून रक्तात जातं, रक्तातून पुन्हा लाळेत येतं, जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, ते गिळलं की शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. म्हणजे सगळी मदार जिभेवरच्या जंतूंवर.

“हा बागेत यायच्या आधी माऊथवॉशनं खळखळून गुळण्या करतो,” माझ्याकडे बोट दाखवून आत्या म्हणाली. “सगळे कामगार मारून मग कारखान्यात कच्चा माल पाठवतो.”

दादा खूश झाला होता. “म्हणजे माझी पाटी खरी!”

“त्या अभ्यासात रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत आकडे पुन्हा होते तिथं गेले. आणि गोळ्या चालू असलेल्यांनी रसासाठी गोळ्या सोडल्या नव्हत्या.” मग आवाज न चढवता ती मला म्हणाली, “तुझ्या गोळ्यांचं पाकीट मी काल पाहिलं. महिना संपत आला आणि निम्म्या गोळ्या शिल्लक आहेत. त्याही अर्ध्या तोडलेल्या.”

सत्तेचाळिसाव्या वर्षी भर रस्त्यात कान धरल्यासारखं झालं. खरं होतं ते. दोन महिने मी गोळी अर्धी करत होतो. डॉक्टरांना विचारलं नव्हतं, बायकोला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तीस रुपयांचा लालभडक ग्लास पितोय म्हटल्यावर गोळीचं ओझं आपोआप अर्धं झाल्यासारखं वाटत होतं, एवढंच त्याचं कारण.

दादाचा चेहरा उतरला. “साहेब, मी कधी म्हटलं गोळी सोडा म्हणून?”

“तू नाही म्हटलंस,” आत्या म्हणाली, “फळीनं म्हटलं.”

त्या दिवशी तिनं मग वॉर्डातलं बरंच काही सांगितलं. मधुमेहाची गोळी चालू असताना उपाशीपोटी कारल्याचा ग्लास पिऊन घामानं निथळत आलेले, साखर तळाला गेलेली. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला पालेभाजीच्या रसातलं पोटॅशियम जड जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मुतखडा होणाऱ्यानं रोज कच्च्या पालकाचा ग्लास पिणं म्हणजे खड्याला दाणापाणी घालणं. पालक उकळून पाणी टाकलं की त्यातलं ऑक्झलेट तरी कमी होतं. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यानं आज पालकाचे दोन ग्लास, उद्या शून्य, असं केलं की डोसाचा मेळ बसत नाही. दादा ऐकत होता आणि गिऱ्हाइकांचे ग्लास भरत होता. एकदा त्यानं चुकून आवळ्याच्या गिऱ्हाइकाला कोरफड दिली.

दोन दिवस तो आमच्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “सिस्टर, तुम्ही असता तर काय विकलं असतं?”

हा प्रश्न मला फार आवडला. आत्यालाही, कारण ती कट्ट्यावर जरा सरसावून बसली.

“गाजर, टोमॅटो, काकडी, बीटाची एक फोड, आल्याचा तुकडा, वरून लिंबू. मिक्सरमधून काढायचं आणि गाळायचं नाही. लहान ग्लास. ताजं, समोर काढून दिलेलं, कारण क जीवनसत्त्व हवेत टिकत नाही; तू चारला काढतोस आणि लोक सातला पितात. न्याहारीबरोबर घ्यायचं, न्याहारीऐवजी नाही.”

“न गाळता कुणी पीत नाही. घशात अडकतं म्हणतात.”

“मग चमचा दे.”

“चमच्यानं खातात त्याला सूप म्हणतात, सिस्टर.”

“मग सूप वीक.”

“सकाळी सहाला सूपला गिऱ्हाईक नाही. रसाला आहे. लोकांना सकाळी काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटायला हवं असतं, आणि ते तीस सेकंदांत व्हायला हवं असतं. तुम्ही वॉर्डात माणसं बघितलीत, मी इथं बघतो. ते आजोबा बायको गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हते. मुलगा म्हणाला, बाबा, ज्यूस प्यायला तरी जात जा. आता रोज तीन फेऱ्या मारतात. त्यांना बरं माझ्या गाजरानं वाटलं की चालण्यानं, हे तुम्हीच ठरवा. पण गाजर नसतं तर ते चालले नसते.”

आत्या गप्प झाली. या एका मुद्द्याला तिनं आजतागायत उत्तर दिलेलं नाही. माझ्याकडेही नाही.

मार्च लागला, ऊन तापायला लागलं, आणि गोष्ट दुधीवर आली.

फळीवर दुधी सर्वांत वर होता: हार्ट, कोलेस्टेरॉल, वजन, ॲसिडिटी. खप त्याचाच जास्त. आत्यानं आधी त्याची टर उडवली होती, “शंभर ग्रॅम दुधीत शहाण्णव ग्रॅम पाणी असतं. पाणी विकतोस.” पण त्या सकाळी ती थट्टेच्या सुरात नव्हती. दादा गाडीमागं उकिडवा बसून जादा माल चिरत होता. एक दुधी उचलला, देठाकडून चकती कापली, जिभेवर ठेवली, चघळली, थुंकली आणि दुधी टोपलीत टाकला. मग दुसरा घेतला, पुन्हा चकती कापून जिभेवर ठेवली.

“प्रत्येक चाखतोस?”

“प्रत्येक. आज एकशे दहा झाले. वडिलांनी लावलेली सवय आहे. एका दुष्काळात आमच्या वेलाला निम्मे दुधी कडूजहर लागले होते. पाण्याचा ताण पडला, ऊन लागलं की दुधी बिघडतो. बाहेरून ओळखू येत नाही. एकाच वेलाचा एक गोड निघेल, एक कडू.”

“आणि कडू निघाला तर?”

“फेकायचा. तो म्हशीलाही देत नाही.”

“भोपळा तो भोपळाच,” कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणाला. त्यानं कानातली वायर काढल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“नाही रे बाळा. आमच्या गावच्या भजनात वीणा आहे, तिचा भोपळा बघ. तो कडूच लागतो. कडू असतो म्हणून त्याला किडा लागत नाही. पंढरपूरकडं पिकवतात, मिरजेला जातो, तिथं त्याचे तंबोरे होतात.”

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तंबोऱ्याचा भोपळा आणि भाजीचा दुधी ही एकाच जातीची भावंडं. एक गाण्यात गेलं, एक स्वयंपाकघरात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्यावर येणाऱ्या पाकोळ्यांना हा फरक कळत नाही. एकाचा पराग दुसऱ्यावर पडला आणि त्या फळाचं बी पुढच्या साली पेरलं गेलं, की भाजीच्या वेलाला कडवट वळण लागू शकतं. हा कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा. वेलाला ती कीड हाकलायला उपयोगी पडतात. माणसाच्या पोटात गेली तर आतड्याला जाळतात.

“दादा,” आत्या म्हणाली, “एक सांग. तुझी नजर चुकून एखादा कडू डब्यात गेला आणि गिऱ्हाइकाला ग्लासात कडू लागलं, तर गिऱ्हाईक काय करतं?”

दादा बोलला नाही. रांगेतले एक काका बोलले. “कडू म्हणजे औषधी. नाक दाबून घ्यायचं.”

“ऐकलंस?” आत्या म्हणाली. “भाजी कडू लागली तर हेच काका पहिला घास ताटाबाहेर काढतील. वर काकूंना बोलतील. रस कडू लागला तर संपवतील.”

मग तिनं वॉर्डातली गोष्ट सांगितली. पन्नाशीचा माणूस, सकाळी नऊला आणला. रक्ताची उलटी, जुलाब, वरचा रक्तदाब सत्तर. बायको म्हणत होती, रोजच दुधीचा रस घेतात, आज जरा कडू लागला म्हणाले, तरी पूर्ण घेतला. बाटली वाया जायला नको. त्याला सलाइनवर सलाइन लावली, रक्त दिलं, पाचव्या दिवशी तो उठून बसला. “यावर उतारा नाही,” ती म्हणाली. “जे होतंय ते सावरत राहायचं, एवढंच हातात.”

२०१० मध्ये दिल्लीत असा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली. २०१२ मध्ये तिचं म्हणणं प्रसिद्ध झालं, त्यात अशा सव्वीस जणांची नोंद आहे, तिघे दगावलेले. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि पिऊन मळमळलं तर थेट रुग्णालय गाठा. पुढं २०१८ च्या जूनमध्ये पुण्यातच एक बाई अशा गेल्या.

“दुसऱ्या रसात मिसळू नका,” दादानं ते शब्द परत म्हटले. त्याची नजर डब्यांवरून फिरली. दुधीच्या रसात कुणी पुदिना मागतं, कुणी आवळा, दोघंतिघं कारलं मागतात. कारल्याच्या कडूत दुधीचं कडू कसं कळणार? तो उठला, पाणी प्याला, पुन्हा बसला. “म्हणजे मी चाखतो, ते फक्त माझ्यापुरतंच राहतं.”

“तू चाखतोस म्हणून तुझ्या गाडीशी मी बसते,” आत्या म्हणाली. “पण जीभ प्रत्येकाला दिलेली आहे, आणि तुझ्या फळीनं ती बंद करून ठेवली. औषध म्हटलं की माणूस चव बघत नाही.”

त्यानंतरच्या सोमवारी फळीवर पांढरा पट्टा होता. रंग घाईत मारलेला, ‘कोलेस्टेरॉल’चा काना खालून अजून दिसत होता. सगळं काही त्यानं पुसलं नव्हतं. ‘गाजर: डोळे’ ठेवलं होतं आणि ‘हिरवं रक्त’ही. “ते राहू दे, सिस्टर,” तो म्हणाला, “त्यावर माझा जीव आहे.” कारल्याच्या डब्यावर मात्र नवी ओळ आली होती: ‘शुगरची गोळी चालू असेल तर आधी सांगा’. माझा ग्लास त्यानं न विचारता अर्धाच भरून दिला आणि पंधराच रुपये घेतले. गोळी मी आता पूर्ण घेतो. माऊथवॉश बेसिनच्या कपाटात मागं गेलंय.

आणि दुधीच्या डब्यासमोर एक ताटली होती. तीत पातळ पांढऱ्या चकत्या, वरून ओलं फडकं. दुधी मागणाऱ्यानं आधी एक चकती खायची, मग ग्लास मिळणार. पहिल्या दिवशी दोघं वैतागून निघून गेले. राखाडी स्वेटरवाल्या आजोबांनी चकती बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवली आणि दुसरी मागितली.

कॉम्प्युटरवाला पोरगा आला. दादानं ताटली पुढं केली. त्यानं चकती उजेडात धरून पाहिली, वास घेतला, दातानं कुरतडली.

“हे काय आहे?”

“दुधी. आठ महिने पितोयस तो.”

तो चावत राहिला. मग आणखी दोन उचलल्या.

“मीठ आहे का?”